जे. जे.साठी चार ट्रॉम्बोन

नाशिकमध्ये लग्नाच्या वरातीत ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य दिसलंच, तर ते बहुधा व्हॉल्व्हचं असतं, मेरठच्या जाली कोठी या बँडवाद्यांच्या बाजारातून आलेलं. त्यामागे अगदी व्यवहारी कारण आहे. स्लाइडचा, म्हणजे सरकत्या नळीचा, ट्रॉम्बोन पूर्ण ओढला की वाजवणाऱ्याच्या तोंडापासून सव्वा मीटरभर पुढे नळी जाते, आणि वरातीत तेवढ्या अंतरात नवरदेवाचे तीन तरी मित्र नाचत असतात. व्हॉल्व्ह दाबायला जागा लागत नाही. इथे मात्र सांगतोय ते स्लाइडच्या ट्रॉम्बोनबद्दल: नाशिकमध्ये चारजण जमवून जे. जे. जॉन्सनला मानवंदनेचा जॅझ अल्बम कसा करायचा.

गंमत अशी की ज्या माणसाच्या स्मरणार्थ जगभरचे ट्रॉम्बोनवाले अल्बम काढतात, त्याची रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनाही त्याचा ट्रॉम्बोन व्हॉल्व्हचाच वाटायचा. स्लाइडवर इतके सुटे, इतके जलद स्वर निघतात हे पटायचं नाही. जे. जे. म्हटलं की आपल्याकडे मुंबईचं रुग्णालय किंवा कलाशाळा आठवते. हा मात्र अमेरिकन जॅझवाला जेम्स लुई जॉन्सन, जन्म १९२४, इंडियानापोलिस, मृत्यू त्याच गावी २००१ मध्ये. बेनी कार्टर आणि काउंट बेसीच्या बँडमध्ये तो तयार झाला, १९४७ मध्ये सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करबरोबर त्याने रेकॉर्डिंग केलं, आणि बीबॉपची, म्हणजे वेगवान जॅझची, सॅक्सोफोनवरची भाषा त्याने ट्रॉम्बोनवर आणून दाखवली. १९५२ ते १९५४ या काळात वाजवण्याच्या कामावर भागेना म्हणून तो स्पेरी कंपनीत ब्लूप्रिंट तपासत होता. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ड्रॉइंग समोर ठेवून व्हर्नियरने जॉब तपासणाऱ्यांना हा तपशील लगेच कळेल. जे. जे.चं वादन तसंच आहे, मापात बसलेलं. त्याला मानवंदना द्यायची तर आधी हे माप हाताला बसायला हवं. त्याचे सोलो पाठ करणं हे त्यानंतरचं काम.

मानवंदनेचे अल्बम दोन प्रकारे फसतात. काहीजण त्याचे सोलो जसेच्या तसे वाजवतात. ते ऐकायला मूळ रेकॉर्ड आहेच. दुसरे त्याचा वेग तेवढा उचलतात आणि सगळंच धावत सुटतं. ट्रॉम्बोनवाल्या स्टीव्ह टुरेने २००३ मध्ये जे. जे.साठी 'वन फोर जे' काढला तेव्हा एकट्याने सगळं न वाजवता इतर ट्रॉम्बोनवाल्यांना बरोबर घेतलं. ही कल्पना मला योग्य वाटते, कारण तिचं मूळ जे. जे.कडेच आहे. त्याने आणि काई विंडिंगने १९५४ पासून दोन ट्रॉम्बोनची जोडी चालवली, आणि १९५६ मध्ये 'जे अँड काई प्लस सिक्स' या रेकॉर्डवर आठ ट्रॉम्बोन एकत्र आणले. त्यांपैकी दोन बास, म्हणजे खालच्या सुरांचे, ट्रॉम्बोन होते. पुढे स्लाइड हॅम्प्टन नावाच्या डावखुऱ्या ट्रॉम्बोनवाल्याने हीच वाट आणखी रुंद केली. आठजण नाशिकमध्ये जमवणं अवघड. चार पुरतात: तीन टेनर, म्हणजे नेहमीचे, आणि एक बास ट्रॉम्बोन. सोबत पियानो, डबल बास, ड्रम.

वाद्य निवडताना बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, बघा. जे. जे.च्या नावाशी जोडला गेलेला किंग थ्री-बी हा ०.५०८ इंचांचा, म्हणजे १२.९ मिलिमीटरचा. सिम्फनी किंवा लष्करी बँडमधला मोठा टेनर ०.५४७ इंचांचा, १३.९ मिलिमीटरचा असतो. फरक एक मिलिमीटरचा, पण मोठ्या बोअरमध्ये स्वराची सुरुवात गोल आणि किंचित उशिरा येते. स्तोत्रासारख्या संथ भागाला ते छान दिसतं, बीबॉपला जड पडतं. तिघा टेनरवाल्यांचे बोअर वेगवेगळे असतील तर लहान बोअरवाल्याला लीड, म्हणजे सर्वांत वरचा आवाज, द्या. उलटं केलंत तर वरचा आवाज खालच्या तिघांत बुडतो, आणि मग मिक्सिंगमध्ये कितीही उचला, पातळच लागतो.

आता स्लाइडचं माप. स्लाइड थांबवायच्या सात जागा असतात, त्यांना पोझिशन म्हणतात. बी फ्लॅट टेनर ट्रॉम्बोनची नळी सुमारे २.७४ मीटर. पहिल्या पोझिशनवरून दुसरी सुमारे ८.१ सेंटिमीटरवर, तिथून तिसरी ८.६, मग चौथी ९.१. पुढे हे अंतर वाढतच जातं आणि सहावी ते सातवी जवळपास ११ होतं. सगळं मिळून ५७ सेंटिमीटर. शिकवताना बहुतेक ठिकाणी प्रत्येक स्वराची एकच पोझिशन सांगतात. जे. जे.च्या पद्धतीचं वाजवायचं तर प्रत्येक स्वराचे सगळे पत्ते माहीत हवेत.

एक छोटा तुकडा घेऊ. मधल्या सीच्या वरचा एफ, मग ई फ्लॅट, डी, आणि मधला सी. पुस्तकी पोझिशन: पहिली, तिसरी, पहिली, तिसरी. हात तीन वेळा पावणेसतरा सेंटिमीटर जातो-येतो, एकूण ५० सेंटिमीटर. तोच तुकडा चौथी, तिसरी, चौथी, तिसरी असा वाजवा. स्लाइड एका जागी ठेवून ओठांनी जे एकावर एक स्वर निघतात ते हार्मोनिक. डी चौथीवर सहावा हार्मोनिक म्हणून मिळतो. एफ चौथीवर सातवा हार्मोनिक म्हणून मिळतो, पण सातवा हार्मोनिक मुळातच ३१ सेंट उतरा असतो (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). म्हणून तिथे स्लाइड चौथीच्या जवळपास तीन सेंटिमीटर आत धरावी लागते. अशा हिशोबाने हाताचा प्रवास २५ सेंटिमीटरच्या आत येतो. निम्मा.

पण प्रवास वाचणं हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा घसटीचा. ट्रॉम्बोनवर एकाच हार्मोनिकवर राहून स्लाइड हलवली की दोन स्वरांमध्ये मींड येतेच. ती जिभेने कापावी लागते. पण हार्मोनिक बदलला आणि स्लाइड स्वराच्या उलट दिशेने गेली, म्हणजे स्वर उतरतोय आणि हात आत येतोय, तर स्वर आपोआप सुटा पडतो. पुस्तकी पद्धतीत एफ ते ई फ्लॅट आणि डी ते सी या दोन जागी मींडीचा धोका आहे. दुसऱ्या पद्धतीत फक्त ई फ्लॅट ते डी या एका जागी. जे. जे. व्हॉल्व्हवर वाजवतोय असं वाटायचं त्यामागचं अर्धं गुपित हे.

उरलेलं अर्धं जिभेत. मराठी तोंडाची इथे एक अडचण होते. आपला 'त' आणि 'द' दातांवर आपटतो, 'ट' आणि 'ड' टाळूकडे वळतो. 'त'ने सुरुवात केली तर जीभ दातांच्या फटीत जाते आणि स्वर थुंकल्यासारखा फुटतो. 'ड'ने केली तर जीभ परत यायला वेळ लागतो. जागा या दोहोंच्या मध्ये आहे, वरच्या दातांच्या मुळाशी, जिथे हिरडी सुरू होते तिथे. मोठ्याने म्हणून सराव करून घ्या, वाद्य न घेता. हवा थांबवू नका, जिभेने फक्त तिला टिचकी मारायची. वेग वाढवताना होणारी सर्वांत नेहमीची चूक म्हणजे हात लवकर निघतो. मेट्रोनोम १६० वर असताना अर्ध्या मात्रेचा एक स्वर ०.१९ सेकंद टिकतो. त्यातला जवळपास सगळा वेळ स्लाइड जागेवर हवी आणि शेवटच्या क्षणी झटक्यात हलायला हवी. हात आधी निघाला की स्वराची शेपटी बेसूर होते, आणि वाजवणाऱ्याला वाटतं जीभ कच्ची आहे. फोनवर रेकॉर्ड करून अर्ध्या वेगाने ऐका, दोष कुठला आहे ते तेव्हाच कळतं. १०० वर स्वच्छ आलं तरच १०४.

व्हायब्रेटो बंद. जे. जे. तो अगदी मोजका वापरायचा. वरातीत वाजवून वाजवून ज्यांच्या ओठाला कंप लागलेला असतो त्यांना हे सोडायला दोनतीन आठवडे जातात. तेवढे द्या.

रचना निवडताना त्याने लिहिलेल्या चालींकडे जा. 'लॅमेंट' हवीच. ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस आणि संगीत-संयोजक गिल इव्हान्सने १९५७ मध्ये ती घेतली आणि तेव्हापासून ती सगळ्यांची झाली. 'वी डॉट' ब्लूज आहे, चौघांनाही सोलो देता येतात. 'केलो' आणि 'एनिग्मा' माइल्सच्या १९५३ च्या सत्रातल्या. १९६० च्या 'जे. जे. इंक.'मधली 'मोहॉक' किंवा 'अक्वेरियस' घेतली तर तो संगीतकार म्हणून किती पुढे होता ते दिसतं. सहासात रचना पुरे. त्याहून जास्त ट्रॉम्बोन सलग ऐकवले की कान थकतो, आणि हे मी ट्रॉम्बोनवर प्रेम करूनच म्हणतोय.

चौघांसाठी लिहिताना स्वर जवळजवळ कोंबायचा मोह टाळा. बी फ्लॅट सिक्स्थ या कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या चार स्वरांचं, उदाहरण बघा. वरून खाली एफ, डी, बी फ्लॅट, जी असा घट्ट कॉर्ड लिहिला तर चारही आवाज एकाच पट्ट्यात येऊन गूं गूं होतं. वरून दुसरा स्वर, इथे डी, एक सप्तक खाली टाका. आता एफ, बी फ्लॅट, जी आणि खाली डी. लीड आणि दुसरा पहिल्या पोझिशनवर, खालचे दोघे चौथ्या. कॉर्ड उघडतो, श्वास घेतो. मधल्या सीच्या एक सप्तक खालच्या सीखाली तिसऱ्याचं अंतर लिहूच नका, तिथे पाचवं किंवा सप्तक. चारही जणांना एकाच वेळी श्वास घ्यायला लागेल असं लिहिलंत तर कॉर्डमध्ये भोक पडतं. श्वासाच्या खुणा प्रत्येकाच्या कागदावर वेगळ्या जागी करा आणि त्या पाळल्या जातात का ते पहिल्या तालमीतच बघा.

सुराबाबत एक गोष्ट. पियानो गप्प असेल तर मेजर कॉर्डमधला तिसरा स्वर १४ सेंट खाली धरला की कॉर्ड एकदम गोड होतो. स्लाइडवर हे एक-सव्वा सेंटिमीटरचं काम आहे. पण पियानो वाजत असताना हेच केलंत तर तुम्हीच बेसूर ठरता. कुठल्या जागी पियानो आहे आणि कुठे नाही ते तिसरा स्वर धरणाऱ्याच्या कागदावर लिहून ठेवा.

नाशिकमध्ये हे रेकॉर्ड कधी करायचं हा खरा प्रश्न. तुळशीच्या लग्नापासून लग्नसराई सुरू झाली की बँडवाले मिळत नाहीत. गणपती आणि नवरात्रात तर विचारूच नका. शिवाय गणपतीच्या आधी महिना-दीड महिना संध्याकाळी गोदाकाठी आणि मोकळ्या मैदानांवर ढोल-ताशांच्या तालमी चालतात. बंद खिडकीतूनही तो ढोल मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि डबल बासच्या स्वरांवरच बसतो. काढता येत नाही. म्हणून आषाढाची सुरुवात, सकाळी आठ ते एक. वर पत्रा असलेली जागा घेऊ नका. पावसाचा आवाज फिल्टरने जात नाही. डिसेंबर शांत असतो, पण तेव्हा दुसरं दुखणं. पहाटे दहा अंशांच्या खाली गेलेला पारा दुपारी पंचवीस-अठ्ठावीसवर येतो. हवेतला ध्वनीचा वेग १० अंशांना सेकंदाला ३३७ मीटर आणि २५ अंशांना ३४६ मीटर. नळीतली हवा पूर्णपणे खोलीइतकी गार-गरम झाली तर सूर पंचेचाळीस सेंटने हलेल. श्वासाच्या उबेमुळे प्रत्यक्षात कमी हलतो, पण डिजिटल पियानो जागचा हलत नाही, त्यामुळे भांडण होतंच. वीस सेंट चढलेला ट्रॉम्बोन उतरवायला ट्यूनिंग स्लाइड सुमारे दीड सेंटिमीटर बाहेर काढावी लागते. प्रत्येक टेकआधी ट्यूनर बघा. पंधरा मिनिटं गप्प बसलेला ट्रॉम्बोन गार होतो.

खोली मोठी हवी, छत उंच हवं. भिंतींवर गोधड्या टांगल्या तरी चालतं, फक्त भिंतीला चिकटवून नको, वीतभर अंतर सोडून. चौघांना अर्धवर्तुळात बसवा. प्रत्येकाचा मायक्रोफोन बेलपासून ५० सेंटिमीटरवर आणि शेजारच्या मायक्रोफोनपासून दीड मीटरवर, म्हणजे तिप्पट. त्याहून जवळ आणलं तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये थोड्या उशिराने पोचतो आणि मिक्स केल्यावर आवाज पोकळ लागतो. मायक्रोफोन वाजवणाऱ्याच्या डाव्या अंगाला ठेवा. बेल डावीकडे असते, स्लाइड उजवीकडे आणि बेलच्याही पुढे जाते. उजवीकडे ठेवलेल्या स्टँडला स्लाइडची धडक बसते, मायक्रोफोन पडतो ते वेगळंच, पण बाहेरच्या स्लाइडला पोचा पडला की त्या दिवसाचं काम संपलं. नोटेशनचं स्टँडही खाली आणि डावीकडे. बेलच्या अगदी समोर, मधोमध मायक्रोफोन धरला तर आवाज टोचतो. वीस-तीस अंश बाजूला सरकवा. रिबन प्रकारचा मायक्रोफोन मिळाला तर उत्तम, तो वरची धार मऊ करतो. मात्र त्याची मागची बाजूही तितकंच ऐकते, तेव्हा मागे ड्रम नको. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि सर्वांत मोठा आवाज उणे दहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तालमीत हळू वाजवणारा टेकच्या वेळी हमखास जोरात वाजवतो.

पायाखाली प्रत्येकी एक जाड टॉवेल अंथरा. वॉटर की उघडली की वाफेचं पाणी फरशीवर पडतं, आणि 'लॅमेंट'च्या शेवटच्या शांततेत तो टपकन आवाज स्वच्छ ऐकू येतो.

स्लाइडवर फवारायला बोअरवेलचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार सुकले की आतल्या नळीच्या टोकाच्या जाड भागावर, ज्याला स्टॉकिंग म्हणतात, पांढरा थर धरतो आणि स्लाइड अडकायला लागते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतं. बाटली मात्र सीलबंद घ्या, ॲसिडच्या कॅनशेजारची सुटी नको. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी दोन्ही स्लाइड कोमट पाण्याने आणि भांड्याच्या पातळ साबणाने धुवा, रॉडला मलमल गुंडाळून आतून पुसा, रॉडचं धातूचं टोक पूर्ण झाकलेलं हवं. मग क्रीम, अगदी तांदळाच्या दाण्याएवढं, फक्त स्टॉकिंगवर, आणि वरून पाण्याचा फवारा. तपासणी अशी: वाद्य उभं धरा, बाहेरची स्लाइड वर घ्या आणि खाली हात ठेवून सोडा. थांबत थांबत उतरली तर क्रीम जास्त झालंय किंवा नळ्या समांतर नाहीत. समांतर नसतील तर घरी वाकवायला जाऊ नका.

टुरेचा विषय निघाला म्हणून शंखाचंही सांगतो. तो शंखही वाजवतो, आणि १९९३ मध्ये त्याने शंखांवरचा 'सँक्टिफाइड शेल्स' नावाचा अल्बम काढला. त्याचं तंत्र सोपं दिसतं: टोक कापून माउथपीससारखं भोक करायचं, आणि शंखाच्या तोंडात हात घालून स्वर खाली आणायचा. रामकुंडावर रोज शंख ऐकणाऱ्या गावाने मानवंदनेच्या अल्बममध्ये एखादा शंख घातला तर मला तरी तो दिखावा वाटणार नाही, अट एवढीच की तो सुरात हवा. टोक जितकं कापाल तितका सूर चढतो आणि परत उतरवता येत नाही. म्हणून आधी ट्यूनरवर मूळ सूर बघा, हव्या सुराच्या थोडं खाली थांबा आणि उरलेलं ओल्या पॉलिश पेपरने घासा. कोरडं घासू नका. शंखाची पूड फुप्फुसाला वाईट, मास्क लावा. पूजेतला शंख यासाठी मागू नका, घरचे देणार नाहीत आणि देऊही नयेत.

हक्कांचं काम आधी उरका. संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं आपल्याकडे रचनेवर हक्क राहतो, म्हणजे जे. जे.च्या रचनांवर २०६१ अखेरपर्यंत. कॉपीराइट कायद्यातलं कलम ३१-सी कव्हर व्हर्जनला परवानगी देतं, पण त्यात वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी धरलेली आहे. चारजणांच्या हौशी अल्बमला हा रस्ता नाही. प्रकाशकाकडून थेट लेखी परवानगी घ्या, आणि मांडणी बदलणार असाल तर तेही त्यात लिहून घ्या.

सत्राचा क्रम ओठांवरून ठरवा. पहिल्या तासात 'लॅमेंट', ओठ ताजे असताना, कारण संथ आणि हळू वाजवणं जोरात वाजवण्यापेक्षा अवघड. मग जलद चाली. लीडच्या माणसाला तीन तासांपेक्षा जास्त बसवू नका. वरचा बी फ्लॅट दोनदा फुटला की त्या दिवशी तो परत येत नाही. बास ट्रॉम्बोनवाला अजून दोन तास सहज काढतो, त्याचे पॅच, म्हणजे चुकलेले तुकडे, शेवटी घ्या.

आणि कव्हरवर प्रत्येक रचनेसमोर सोलोंचा क्रम छापा: आधी कोण, मग कोण, डाव्या स्पीकरमध्ये कोण, उजव्यात कोण. चार ट्रॉम्बोन लागोपाठ आले की सवयीचा कानही गोंधळतो, आणि तिसऱ्या सोलोवाल्याच्या घरचे दुसऱ्यालाच दाद देत बसतात.